कोऱ्या पानामागचे भांडवल

१९३० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथील एक प्राध्यापक घरी शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. पदरी चार मुले आणि प्राप्ती बेताची. म्हणून परीक्षकाच्या मानधनासाठी हे कंटाळवाणे काम ते पत्करीत. एका परीक्षार्थीने उत्तरपत्रिकेतील एक पान कोरे सोडले होते. त्या पानावर त्यांनी हॉबिट नामक एका कल्पित प्राण्याविषयी एक वाक्य सहज खरडले. हॉबिट म्हणजे काय, हे त्या क्षणी त्यांनाही ठाऊक नव्हते. त्या वाक्यातून १९३७ साली ‘द हॉबिट’ आणि १९५४-५५ साली तीन खंडांतील ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे ग्रंथ जन्मास आले. आधुनिक अद्भुतरम्य कादंबरीचे जनक मानले जाणारे जे. आर. आर. टॉल्किन ते हेच होत.

ही हकिगत नेहमी दैवी स्फूर्तीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु त्या वाक्यामागे वीस वर्षांचे भांडवल साठलेले होते, याचा सहसा विसर पडतो.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लुमफाँटेन येथे झाला. वडील बँकेत व्यवस्थापक होते. ते १८९६ साली वारले. आईने इंग्लंडमध्ये मुलांना वाढविले आणि लॅटिनचे पहिले धडेही तिनेच दिले. १९०४ साली तीही गेली, तेव्हा टॉल्किन अवघे बारा वर्षांचे होते. एका कॅथलिक धर्मगुरूंनी पालकत्व स्वीकारले आणि शिष्यवृत्तीच्या आधारे हा पोरका मुलगा १९११ साली ऑक्सफर्डला पोहोचला.

शाळेत असतानाच ‘कालेवाला’ हे फिनलंडचे महाकाव्य त्यांच्या हाती पडले होते. एलियास लोनरोट या डॉक्टराने खेडोपाडी हिंडून लोकगीते टिपून घेतली आणि १८३५ साली, व वाढवून १८४९ साली, हे काव्य सिद्ध केले. ते मुळातून वाचता यावे म्हणून टॉल्किन यांनी फिनिश व्याकरणाशी झुंज मांडली. अभ्यासक्रमाकडे दुर्लक्ष झाले, परीक्षेत दुसऱ्या वर्गावर समाधान मानावे लागले. मग अभिजात भाषांचा अभ्यास सोडून ते प्राचीन इंग्रजीकडे वळले आणि १९१५ साली प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले. कालेवालातील कुलेर्वो या अभागी तरुणाची कथा त्यांनी १९१४ साली नव्याने लिहावयास घेतली होती. ती अपुरी राहिली. परंतु त्यांच्या स्वतःच्या पुराणातील तुरिन हा नायक तिच्यातूनच पुढे अवतरला.

१९१६ साली ते सोमच्या रणभूमीवर गेले. त्यांच्या शाळकरी मित्रांच्या चौकडीतील दोघे त्याच वर्षी कामी आले. खंदकातील तापाने आजारी होऊन ते परतले आणि त्या आजारपणात त्यांनी आपल्या कल्पित जगाचे पुराण लिहावयास आरंभ केला. युद्धानंतर ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाच्या कार्यालयात काही काळ शब्दांच्या व्युत्पत्ती लावण्याचे काम, पाच वर्षे लीड्स येथे अध्यापन आणि १९२५ पासून ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे अध्यासन, असा त्यांचा प्रवास झाला.

‘बेवुल्फ’ हे प्राचीन इंग्रजी काव्य एकाच हस्तलिखितात उरले आहे आणि १७३१ सालच्या आगीत त्याच्याही कडा होरपळल्या. विद्वान मंडळी त्यात इतिहासाचे पुरावे शोधीत आणि त्यातील राक्षसांबद्दल दिलगिरी बाळगीत. राक्षस हाच त्या काव्याचा गाभा आहे, असे टॉल्किन यांनी १९३६ साली ब्रिटिश अकादमीपुढील व्याख्यानात प्रतिपादन केले. पुढल्याच वर्षी आलेल्या ‘द हॉबिट’मध्ये निधीतून चोरलेल्या पेल्यामुळे ड्रॅगन खवळतो, तो प्रसंग ‘बेवुल्फ’मधला. गॅन्डाल्फ हे नाव आणि बुटक्यांची बहुतेक सर्व नावे एका प्राचीन आइसलँडी काव्यातली.

अर्थात ही केवळ उसनवारी नव्हे. जुन्या कथांतील वीर निधी आणि अंगठी मिळविण्यासाठी लढतात; टॉल्किन यांच्या महाकथेत सत्तेची अंगठी नष्ट करण्यासाठी प्रवास आहे आणि ते ओझे वाहतो एक लहानखुरा, घरकोंबडा जीव. महायुद्ध पाहिलेल्या माणसाने जुन्या सामग्रीला दिलेला हा नवा अर्थ होय.

ग्रंथ पुरा होण्यास बारा वर्षे लागली. हजार पौंडांपर्यंत तोटा होईल, असा प्रकाशकाचा हिशेब होता. म्हणून आधी खर्च भरून निघावा आणि मग नफ्याचा निम्मा वाटा लेखकास मिळावा, असा करार झाला. १९६५ साली अमेरिकेत निघालेल्या स्वस्त आवृत्त्यांनी विद्यार्थिवर्गात त्याला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. तोवर टॉल्किन निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती. २ सप्टेंबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. ‘द सिल्मारिलियन’ हे त्यांचे आयुष्यभराचे पुराण १९७७ साली त्यांच्या पुत्राने संपादून प्रसिद्ध केले.

१९२५ साली एखाद्या हिशेबनिसाने अँग्लो-सॅक्सनच्या अध्यासनाचा जमाखर्च मांडला असता, तर त्याला जमेच्या बाजूस फारसे काही दाखविता आले नसते. मृत भाषा, मोजके विद्यार्थी, जळक्या कडांचे एक हस्तलिखित! त्या खर्चाचा परतावा तीस वर्षांनी, आणि तोही कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या दिशेने आला. टॉल्किन यांचे अनुकरण करणारे पुढे पुष्कळ झाले. त्यांपैकी बहुतेकांनी त्यांची पुस्तके वाचली. ते स्वतः ज्यावर पोसले गेले त्या जुन्या काव्यांपर्यंत थोडेच पोहोचले. ज्या वर्गात आज चारच विद्यार्थी जुन्या भाषेचे व्याकरण घोटीत बसले आहेत, तो वर्ग बंद करण्याचा प्रस्ताव कोठेही पुढे येईल, तेव्हा या परीक्षकाची आठवण व्हावी. त्यापुढचे कोरे पान कोणाच्या हाती येईल, हे कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते.