पहिल्या श्वासाचे मोल

अमेरिकेतील वेस्टफिल्ड येथे ७ जून १९०९ रोजी जन्मलेल्या व्हर्जिनिया अपगार यांना शल्यविशारद व्हायचे होते. मात्र स्त्रीचा तेथे निभाव लागणे कठीण, हे जाणणाऱ्या वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवले. ते नवजातांच्या पथ्यावरच पडले! प्रसूतिगृहात सर्वांचे लक्ष मातेकडे. निळसर पडलेले, श्वास न घेणारे मूल पुष्कळदा दैवाच्या हवाली होई. १९५२ मध्ये अपगार यांनी हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त क्रिया आणि वर्ण यांना प्रत्येकी ० ते २ गुण देण्याची पद्धत मांडली. जन्मानंतर मिनिटभरातच बाळाला मदतीची गरज ओळखता येऊ लागली. १९६४-६५ च्या रुबेला साथीनंतर, गर्भातच जडणारा संसर्ग टाळण्यासाठी त्यांनी लसीकरणाचा पुरस्कार केला. ७ ऑगस्ट १९७४ रोजी त्या निवर्तल्या.