राजवाड्यांची दप्तरं आणि आपला 'परमिशन डिनाइड'

शेअर्ड फोल्डरमध्ये फाईलचं नाव दिसतं, पण टॅप केलं की 'परमिशन डिनाइड'. जळगाव-धुळ्यात सर्व्हरची कामं करताना हीच तक्रार माझ्याकडे सगळ्यात जास्त येते. ती समजावताना मला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आठवतात.

धुळेकरांना हे नाव राजवाडे संशोधन मंडळामुळे माहीत असतं. जन्म 1863 चा, कोकणातल्या वरसईचा. शिक्षण पुण्यात. बायको लवकर गेली, पुन्हा लग्न केलं नाही. मग आयुष्यभर एकच काम: मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रं शोधणं. हे कागद लायब्ररीत नव्हते. जुन्या घराण्यांच्या वाड्यांत, माळ्यावर, रुमालात बांधून पडलेले होते. काहींना वाळवी लागलेली, काही रद्दीच्या वाटेवर.

आता गंमत बघा. अमक्याकडे दप्तर आहे हे गावाला ठाऊक असायचं, पण तेवढ्याने काय होतं? आधी वाड्याचा दरवाजा, मग घरमालकाची मर्जी, मग पेटीचं झाकण. एक जरी अडलं तरी पत्र हाती येत नाही. लिनक्समध्ये अगदी हेच आहे. फोल्डरवर फक्त 'आर' असेल तर आतल्या फाईलींची नावं दिसतात. आत पाऊल टाकायला 'एक्स' लागतो, आणि तो वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर लागतो. त्यामुळे नुसत्या फाईलच्या परमिशन बघत बसू नका. 'नेमआय -एल' ही कमांड पूर्ण पाथ देऊन चालवा, कुठलं दार बंद आहे ते लगेच कळतं. विंडोज सर्व्हर असेल तर कुलपं दोन: शेअरची परमिशन आणि एनटीएफएसची. नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यातली जी कडक असेल तीच लागू होते.

वैतागून 777 देणारे खूप भेटतात. म्हणजे वाड्याची भिंतच पाडायची! कोणीही यावं, खोडावं, पुसावं. राजवाड्यांनी पत्रं छापली. 1898 साली पहिला खंड आला, त्यात 1750 ते 1761 मधली, म्हणजे पानिपतपर्यंतची पत्रं. पुढे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' 22 खंडांपर्यंत गेली. छापील खंड कोणीही वाचू शकतो, मूळ कागदाला मात्र त्याचा हात लागत नाही. आपल्या भाषेत, सगळ्यांना रीड-ओन्ली.

स्वभाव मात्र तापट. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांच्याच पुढाकाराने निघालं, पण पुढे तिथेही त्यांचं बिनसलं. शेवटचा मुक्काम धुळ्यात, आणि 31 डिसेंबर 1926 ला तिथेच मृत्यू.

माझ्या मते खरी परीक्षा इथे होती. इतकं सगळं जमवणारा माणूस एकटा, मागे संसार नाही. पण धुळ्यातल्या लोकांनी त्यांच्या नावाने मंडळ काढलं आणि दप्तरं सांभाळली. म्हणजे ओनर गेला, पण ग्रुप उभा राहिला.

जळगावच्या एका ऑफिसात मी याच्या उलट पाहिलंय. हिशेब बघणारा नोकरी सोडून गेला, त्याचं अकाउंट डिलीट केलं, आणि सगळ्या फाईलींवर ओनर म्हणून नुसता एक आकडा उरला. बाकी कोणालाच त्या उघडेनात. म्हणून कामाचा फोल्डर ग्रुपच्या नावावर ठेवा आणि त्याला 2770 द्या. पुढचा 2 म्हणजे आत तयार होणारी नवी फाईलसुद्धा त्याच ग्रुपची होते. यूमास्क 007 आहे ना तेही बघा, नाहीतर ग्रुपला लिहिता येणार नाही. आणि कोणाचं अकाउंट काढायच्या आधी त्याच्या फाईली 'सीएच-ओन'ने दुसऱ्याच्या नावावर करून घ्या.