दगडात जंगल पाहणारा शिक्षक

नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळाच. पण हे हिस्लॉप कोण होते, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. ते एक शिक्षक होते. परक्या देशातून ते येथे आले, मराठी शिकले आणि नागपूरच्या आसपासची माळराने, नाले व टेकड्या त्यांनी पायांखाली घातल्या. या भटकंतीतून त्यांना कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा पत्ता लागला.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील गवंडी होते. दगडांची ओळख त्यांना घरातच झाली असेल. निसर्गाचे वेड मात्र लहानपणापासून होते. एडिंबरो आणि ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. पुढे ख्रिस्ती मिशनच्या कामासाठी ते भारतात आले. १८४४ च्या अखेरीस त्यांचे जहाज मुंबईला लागले आणि १८४५ साली ते नागपूरला पोहोचले.

त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. मुंबईहून नागपूरला रेल्वे नव्हती. ती आली १८६७ साली. बैलगाडी, घोडा आणि आपले दोन पाय, हीच प्रवासाची साधने. येथे आल्यावर हिस्लॉप यांनी मराठीचा अभ्यास केला. तुम्हांला जशी मराठी ही दुसरी भाषा आहे, तशी त्यांनाही ती परकीच होती. पण भाषा आल्यावाचून माणसांशी बोलता येत नाही, हे त्यांनी जाणले. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा सुरू केली. थोड्याच काळात रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांनाही निसर्गाची आवड होती. मग काय विचारता! शाळेचे काम आटोपले की दोघे आसपासच्या परिसरात फिरू लागले. हिवाळ्यात दूरच्या खेड्यांचा दौरा निघाला, तरी वाटेतला एकही नाला किंवा दगडांची खाण त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

नागपूरच्या वायव्येला टाकळी नावाचे गाव होते. आज ते शहरात मिसळून गेले आहे. १८५१ साली या टाकळीजवळ त्यांना काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये एक वेगळाच पातळ थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख होते, माशांचे खवले होते, किड्यांच्या पंखांचे ठसे होते. झाडांची फळे, बिया आणि लाकडेही होती. सारे दगड झालेले! अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात.

काळ्या खडकात फळे आणि बिया कशा आल्या? आपल्या भागातील काळा खडक म्हणजे जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला तप्त लाव्हारस. तो थंड होऊन घट्ट झाला. एकदा लाव्हा आला की पुढचा येईपर्यंत पुष्कळ काळ जाई. तेवढ्या काळात त्या खडकावर पावसाचे पाणी साठून तळी तयार होत. काठी झाडे उगवत, पाण्यात जीव वाढत. मग पुन्हा लाव्हा येई आणि ते सारे त्याखाली गाडले जाई. टाकळीचा पातळ थर म्हणजे अशाच एका तळ्याचा गाळ. तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे, असे आज शास्त्रज्ञ मानतात. हिस्लॉप यांच्या काळी वय मोजण्याची साधने नव्हती. त्यामुळे त्यांनी हा थर याहून अलीकडचा मानला होता. पण तेथे एके काळी तळे होते आणि काठी झाडी होती, हे त्यांनी बरोबर ओळखले.

यानंतर शोधांची रांगच लागली. नागपूरच्या उत्तरेस सिलेवाडा येथे वालुकाश्मात लांबट जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. ही झाडे टाकळीच्या झाडांहूनही फार जुनी, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीची. अशीच पाने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका येथेही सापडली. यावरून हे सारे भूभाग एके काळी जोडलेले होते, हे समजण्यास मदत झाली. त्या जुन्या महाखंडाला गोंडवनलँड म्हणतात. म्हणजे आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशाचे नाव जगभरच्या पुस्तकांत गेले! नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे प्रचंड हाडे आढळली. ती डायनासोरची होती, हे पुढे कळले. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूरचनेवरील लेख १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. त्याच सुमारास प्रकृती बिघडल्यामुळे हंटर मायदेशी परतले. हिस्लॉप पुन्हा कामाला लागले.

त्यांचे लक्ष केवळ दगडांकडे नव्हते. जंगलात राहणाऱ्या गोंड लोकांची भाषा, चालीरीती आणि गाणी ते ऐकून लिहून घेत. गोंडांच्या लिंगो या पूर्वजाची दीर्घ कथा तेव्हा केवळ लोकांच्या मुखी होती. ती गाणारे गेले असते, तर कदाचित कथाही गेली असती. हिस्लॉप यांनी ती कागदावर उतरवून घेतली.

नागपूरच्या दक्षिणेस, बुटीबोरीजवळ टाकळघाट नावाचे गाव आहे. तेथे मोठमोठे दगड वर्तुळाकार मांडलेले आढळतात. ते कोणी मांडले, कशासाठी मांडले, याचा शोध घेण्यासाठी ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप तेथे गेले. मध्य प्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेम्पल हेही त्या वेळी तेथे होते. दिवस पावसाळ्याचे होते. परतताना एक ओढा ओलांडावा लागे. ओढ्याला पूर आला होता. त्या पाण्यात हिस्लॉप बुडून मरण पावले. वयाची ४६ वर्षे पूर्ण व्हायला अवघे चार दिवस उरले होते.

त्यांच्या मागे राहिली ती हस्तलिखिते. गोंड लोकांविषयीचे ते कागद अजून छापलेही गेले नव्हते. वाळवीने खाल्ले असते किंवा कोठे अडगळीत पडले असते, तर इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली असती. टेम्पल यांनी ते जुळवून १८६६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १८८३ मध्ये नागपुरात कॉलेज निघाले, त्याला हिस्लॉप यांचे नाव मिळाले. टाकळघाटचे त्यांचे अपुरे कामही कायमचे थांबले नाही. शंभर वर्षांनंतर, १९६८ च्या सुमारास, शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली टाकळघाट व खापा येथे उत्खनन झाले. ती वर्तुळे म्हणजे लोखंड वापरणाऱ्या प्राचीन लोकांची दफनस्थाने होती. ती दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहेत.

मुलांनो, ही ठिकाणे पाहायला आज घोडा लागत नाही. आपल्या हुडकेश्वरहून शहर बसने सीताबर्डीला जावे. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या खडकाची आहे. तेथून बुटीबोरीच्या बसने गेल्यास टाकळघाट फार दूर राहत नाही. काटोलकडे जाणाऱ्या एस.टी.ने गेल्यास वाटेत जुनापाणी लागते. तेथे अशी सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. मोठ्या माणसांना बरोबर घेऊनच जावे. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यात मुळीच उतरू नये. डोळे उघडे ठेवावेत, गावच्या लोकांशी मराठीत बोलावे आणि पाहिलेले वहीत टिपून ठेवावे. दगड मात्र उचलून आणू नयेत. त्या जागेवर असतात तोवरच ते बोलतात. टाकळीचे माळरान इमारतींखाली गेले. उरलेले जपायचे की नाही, हे तुमच्याच हाती आहे.

शब्दार्थ
विरळा – क्वचित आढळणारा. पायांखाली घालणे – सगळीकडे फिरून पाहणे. जीवाश्म – दगड झालेला प्राण्याचा किंवा वनस्पतीचा अवशेष. वालुकाश्म – वाळूपासून बनलेला खडक. उभयचर – पाण्यात व जमिनीवर राहणारा. शिळावर्तुळ – दगडांची गोलाकार मांडणी. उत्खनन – जमीन खोदून केलेला शोध.

स्वाध्याय
१. हिस्लॉप यांना मराठी शिकण्याची गरज का वाटली?
२. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये फळे व बिया कशा आल्या, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. हिस्लॉप यांची हस्तलिखिते छापली गेली नसती, तर कोणते नुकसान झाले असते?
४. तुमच्या घराजवळचा एखादा जुना वृक्ष, नाला किंवा टेकडी पाहा. तिच्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि दहा ओळी मराठीत लिहा.