शूर्पारकाचा धर्मज्ञ राजा अपरार्क

वसई म्हटली की आमच्या लोकांस चिमाजीअप्पा व १७३९ सालचा विजय आठवतो; आणि तो आठवावाच. परंतु या भूमीने त्यापूर्वी सहाशे वर्षे बुद्धीचाही एक पराक्रम पाहिला होता, हे थोड्यांसच ठाऊक असते.

आगाशीस सापडलेल्या शके १०७२ च्या, म्हणजे इ. स. ११५० च्या, शिलालेखात शूर्पारकातील वट्टारक गावाचा उल्लेख आहे. तेच आजचे वटार. हा लेख शिलाहार राजा हरिपालदेव याच्या कारकिर्दीतला. त्याच्या आधी उत्तर कोकणावर राज्य करून गेलेला पहिला अपरादित्य ऊर्फ अपरार्क, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

अपरादित्यास राज्य सुखासुखी लाभले नाही. छित्तुक नावाच्या शत्रूने देश ग्रासला होता आणि सामंत त्याला जाऊन मिळाले होते, असे शके १०४९ च्या वडवली ताम्रपटावरून दिसते. तरुण अपरादित्याने मोठ्या सैन्याची वाट न पाहता त्याचा मोड केला.

एवढेच असते तर अनेक शूर राजांत आणखी एकाची भर, इतकेच म्हणता आले असते. पण याज्ञवल्क्यस्मृतीवरील अपरार्क टीका याच राजाची. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेहूनही ती विस्तृत असून टीकेपेक्षा निबंधच अधिक शोभते. भासर्वज्ञाच्या न्यायसारावरील न्यायमुक्तावली ही टीकाही अपरार्काच्याच नावावर आहे. भासर्वज्ञ हा काश्मीरचा नैयायिक. गौतमाने मानलेल्या चार प्रमाणांपैकी उपमान वगळून त्याने तीनच मानली. अशा स्वतंत्र बुद्धीच्या ग्रंथाचे विवरण करावे असे धर्मशास्त्र लिहिणाऱ्या राजास वाटले, यातच त्याची थोरवी आहे. दरबारी पंडितांचा या ग्रंथांत हात किती, हा प्रश्न रास्त आहे. तथापि अशा पंडितांस आश्रय देणारी दृष्टी तर राजाचीच!

त्याने तेजकंठ नावाचा पंडित शूर्पारकाहून काश्मिरास पाठविला. मंखाचा भाऊ अलंकार याच्या घरी भरलेल्या विद्वत्सभेत तो हजर होता, असे मंखाच्या श्रीकंठचरितावरून कळते. पुढे अपरार्काची टीका काश्मिरी पंडितांत प्रमाण ठरली. १८७५-७६ साली हस्तलिखितांच्या शोधार्थ तिकडे गेलेल्या ब्यूलर साहेबांनी हा संबंध जगापुढे मांडला. १९०३-०४ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने ती टीका छापली. मुंबई हायकोर्टाचे वकील भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तिचा काळ व तिची योग्यता विवेचिली. न्यायमुक्तावली मात्र १९६१ साली मद्रासेत प्रसिद्ध झाली. कोकणच्या राजाचे तत्त्वज्ञान कोकणास कळण्यासाठी काश्मीर व मद्रास अशी दोन टोके गाठावी लागावीत, ही गोष्ट आम्हांस अंतर्मुख करणारी वाटते.

परंपरेस प्रश्न विचारणे म्हणजे परंपरेचा द्रोह, असे सांगणारे लोक प्रत्येक काळी निघतात. त्यांनी अपरार्काकडे पाहावे. त्याने एका हाताने स्मृती सांभाळली आणि दुसऱ्या हाताने तर्क. तर्काविना कायदा हा केवळ हुकूम राहतो, हे आम्हां कायद्याच्या अभ्यासकांस नित्य दिसते. वसई, सोपारा, आगाशी व वटार येथील शाळांनी किल्ल्याच्या तटाबरोबर या राजाची ओळखही आपल्या मुलांस करून द्यावी. पूर्वजांचा अभिमान जयघोषाने सिद्ध होत नाही. त्यांचे ग्रंथ उघडून वाचल्यानेच तो सिद्ध होतो.