डॉ. केतकर : एका व्याख्येचे चरित्र

समाजशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासात ज्या संज्ञांशी विद्यार्थ्याची प्रथम गाठ पडते, त्यांत ‘जात’ ही सर्वांत फसवी होय. भारतीय विद्यार्थ्याला ती अनुभवाने इतकी परिचित असते, की तिची व्याख्या करण्याची आवश्यकताच त्याला भासत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांना ती भासली, आणि तीही मायदेशापासून फार दूर असताना.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी तत्कालीन मध्य प्रांतातील रायपूर येथे झाला. अमरावती येथे व नंतर मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकून ते १९०६ मध्ये अमेरिकेस गेले. कॉर्नेल विद्यापीठात असतानाच, १९०९ मध्ये, भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासाचा पहिला खंड त्यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केला. १९११ मध्ये ते पीएच.डी. झाले. मनुस्मृतीवरून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजस्थितीचे चित्र उभे करणे हा त्या खंडाचा मुख्य विषय. तो भाग आता तज्ज्ञांपुरताच उरला आहे. प्रारंभी केलेली व्याख्या मात्र टिकली.

तीत दोनच लक्षणे आहेत. जातीचे सभासदत्व सभासदांच्या पोटी जन्मलेल्यांपुरते मर्यादित असते व अशा सर्वांना ते लाभते, हे एक. आणि सभासदांना गटाबाहेर विवाह करण्यास समाजनियमाची कडक बंदी असते, हे दुसरे. नेसफील्ड, रिस्ले, सेनार प्रभृतींनी सहभोजन, व्यवसाय, समान पूर्वज, विटाळ इत्यादी अनेक गोष्टी व्याख्येत गोवल्या होत्या. केतकरांनी त्या बाजूला सारल्या. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एकटी जात ही त्यांना कल्पनाच करता येण्याजोगी वाटली नाही. जात ही जातींच्या व्यवस्थेतला एक घटक म्हणूनच समजते, असे त्यांनी धरले.

या गोष्टीचे श्रेय त्यांना १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी आपल्या जातिविषयक निबंधात दिले, आणि तेथेच त्यांची चूकही दाखविली. गटाबाहेरचा विवाह निषिद्ध म्हटला की सभासदत्व जन्माने मर्यादित होणे ओघानेच आले. म्हणजे ही दोन लक्षणे नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू होत. दोन मराठी भाषकांत अमेरिकेच्या भूमीवर, इंग्रजीतून झालेला हा वाद संकल्पना कशी घडते हे शिकविण्यास अद्यापही पुरेसा आहे.

१९१२ मध्ये केतकर लंडनमार्गे परतले. काही काळ कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केल्यावर त्यांचे मन एका वेगळ्याच उद्योगाकडे वळले. समाजशास्त्रांची परिभाषा इंग्रजीत राहिली तर सामान्य वाचक विचारापासून वंचित राहील, या जाणिवेतून १९१६ मध्ये नागपूर येथे ज्ञानकोशाचे कार्य सुरू झाले. पुढे ते पुण्यास गेले. भागभांडवल जमविणे, वर्गणीदारांसाठी गावोगाव हिंडणे, लेखन करणे आणि करून घेणे, हा सारा भार त्यांनी उचलला. १९२० ते १९२९ या काळात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड निघाले. पहिले पाच अकारविल्हे नाहीत. ते प्रस्तावनाखंड होत, आणि पहिल्याचे नावच ‘हिंदुस्थान आणि जग’ असे आहे. नोंदी वाचण्यापूर्वी आपण जगात कोठे उभे आहोत हे वाचकाला कळावे, ही योजना धाडसी खरी. या खंडांतील काही प्रमेये घाईने मांडलेली आहेत, भाषाही अनेकदा ओबडधोबड आहे. तथापि मराठीतून सामाजिक शास्त्रांचा विचार करता येतो, हे त्यांनी करून दाखविले.

लंडनमध्ये परिचय झालेल्या एडिथ कोन या जर्मन ज्यू विदुषीशी त्यांनी १९२० मध्ये विवाह केला. त्यापूर्वी व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू धर्मात घेण्यात आले व त्या शीलवती केतकर झाल्या. ज्याने विवाहबंदी हे जातीचे मर्म मानले, त्यानेच ती मोडली, आणि मोडताना शास्त्राचा आधार घेतला! याला विसंगती म्हणावे, की समाजात शिरण्याचे दार कोठे असते याचे अचूक ज्ञान? दुसरे उत्तर अधिक संभवनीय वाटते.

कारण व्याख्येच्या सीमेवर राहणाऱ्या माणसांविषयीचे कुतूहल त्यांच्या कादंबऱ्यांतही आहे. ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) मधील कालिंदीपुढील पेच तिच्या मातृकुळातून येतो: पिता ब्राह्मण असूनही तिचे सामाजिक स्थान निश्चित होत नाही. कलादृष्ट्या ही कादंबरी सैल आहे. पात्रे पुष्कळदा लेखकाचे सिद्धान्त बोलतात. पण जन्माने सभासदत्व मिळते या सूत्रात न मावणाऱ्या मुलीने जगावे कसे, हा प्रश्न प्रबंधात विचारता आला नसता.

१९३१ मध्ये ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शीलवतीबाईंनी विंटरनिट्झ यांचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला, तो भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेच. पतीच्या आठवणी मात्र त्यांनी मराठीत लिहिल्या.