हिटलरची कुलपं उघडणाऱ्या ट्युरिंगला स्वतः पुरलेली चांदी मात्र शेवटपर्यंत सापडली नाही

साल होतं १९४०. फ्रान्स पडला होता आणि हिटलरचं सैन्य इंग्लंडमध्ये कधी उतरेल याचा नेम नव्हता. तसं झालं तर बँकेतले पैसे बुडणार, हे उघड होतं.

तेव्हा एका तरुण गणितज्ञाने एक शक्कल लढवली. त्याने साधारण २५० पौंडांच्या चांदीच्या विटा विकत घेतल्या, एका जुन्या बाबागाडीत टाकल्या आणि शेनली गावाजवळच्या रानात नेल्या. एक वीट जमिनीत पुरली, दुसरी पुलाखाली ओढ्याच्या तळाशी. जागेच्या खुणा कागदावर लिहून ठेवल्या, पण त्याही सांकेतिक लिपीत. कागद कुणाच्या हाती लागला तरी चांदी सुरक्षित.

युद्ध संपलं. हिटलर आला नाही, बँकाही बुडाल्या नाहीत. पण चांदी काही सापडली नाही.

या गणितज्ञाचं नाव अ‍ॅलन ट्युरिंग. जर्मनीची सगळ्यात पक्की समजली जाणारी सांकेतिक यंत्रणा फोडण्यात ज्याचा सिंहाचा वाटा होता, तोच हा गडी. आज आपल्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केल्यावर जे घोळ होतात, त्यातले बरेचसे ट्युरिंगच्या आयुष्यात आधीच होऊन गेलेत.

ट्युरिंगच्या घराण्याचं भारताशी जुनं नातं. वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. आजोबा एडवर्ड स्टोनी मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनिअर, आणि आईचा जन्मही तिकडचाच. अ‍ॅलन मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये जन्मला. आईवडील भारतात आणि दोन्ही पोरं इंग्लंडमध्ये, एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी. त्याचं बालपण असं परक्या घरात गेलं.

पोरगं हट्टी होतं. १९२६ साली शेरबोर्नच्या शाळेत दाखल व्हायचं होतं, नेमका तेव्हाच देशभर संप. रेल्वे बंद. तेरा वर्षांच्या अ‍ॅलनने सायकल काढली आणि साधारण ६० मैल तुडवत शाळा गाठली. वाटेत एक रात्र खानावळीत मुक्काम.

त्याच शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा जिवलग मित्र मिळाला. गणित, तारे, रसायनं, दोघांची वेडं सारखीच. १९३० साली ख्रिस्तोफर क्षयाने गेला. तो धक्का अ‍ॅलनला फार मोठा होता. माणसाचं मन म्हणजे नेमकं काय, ते कशावर चालतं, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या डोक्यात राहिला.

पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये २२ व्या वर्षी तो फेलो झाला. १९३६ साली त्याने एक शोधनिबंध लिहिला. सूचना बदलल्या की कोणतंही गणिती काम करू शकेल असं एकच यंत्र, ही त्यातली कल्पना. तुमच्या हातातला फोन त्याच कल्पनेवर चालतो.

तिथून तो अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला. तिकडे त्याला सांकेतिक लिपीचा नाद लागला. संदेशाचे आकडे करायचे, त्यांना एका प्रचंड मोठ्या गुप्त संख्येने गुणायचं आणि उत्तर पाठवायचं, अशी त्याची योजना. त्यासाठी गुणाकाराचं विजेवर चालणारं यंत्रही त्याने वर्कशॉपमध्ये स्वतः बनवायला घेतलं. आज आपली डिस्क ज्या पद्धतीने कुलूपबंद होते ती यापेक्षा खूप पुढची आहे. पण माहितीचे आकडे आणि किल्ली म्हणजे एक मोठी संख्या, हा पाया तोच.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारलं. दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्कला हजर झाला. तिथे शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याचं काम चालायचं.

समोर होतं एनिग्मा. टाइपरायटरसारखं दिसणारं जर्मन यंत्र. पाचातली कोणती तीन चाकं घ्यायची, ती कुठून सुरू करायची, पुढच्या बाजूच्या दहा वायरी कशा जोडायच्या, हे सगळं मिळून जितक्या जुळण्या होतात तो आकडा १५९ वर अठरा शून्यं असा. त्यात ही जुळणी रोज बदलायची. आज कष्ट करून किल्ली सापडली तरी उद्या ती कचऱ्यात.

एनिग्मा आधी फोडलं होतं ते पोलंडच्या मारियान रेयेव्हस्की आणि त्याच्या दोन साथीदारांनी. जुलै १९३९ मध्ये पोलंडने ती सगळी माहिती ब्रिटन आणि फ्रान्सला दिली. पुढे जर्मनांनी पद्धत बदलली तरी चालेल असा मार्ग ट्युरिंगने काढला.

त्याची पद्धत अशी. सगळ्या किल्ल्या लावून बघायच्या नाहीत. संदेशात एखादा शब्द नक्की असणार, असं धरून चालायचं. उदाहरणार्थ, सकाळचा हवामानाचा संदेश असेल तर त्यात हवामान हा शब्द येणारच. एनिग्मात कोणतंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नसे, त्यामुळे तो शब्द कुठे बसू शकतो हे शोधता यायचं. मग एकेक जुळणी तपासायची आणि जी स्वतःशीच विसंगत ठरेल ती बाद करायची. हे काम करणारं बाँब नावाचं यंत्र त्याने आखलं आणि गॉर्डन वेल्शमनने त्यात मोलाची सुधारणा केली. पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये सुरू झालं.

बिघाड शोधायची त्याची रीत घरीही हीच. त्याच्या सायकलची चेन सारखी पडायची. त्याने चेन बदलली नाही, पायडलचे फेरे मोजले. ठराविक फेऱ्यांनंतरच ती पडते हे कळल्यावर त्या आधी उतरून नीट करायचा. पुढे चाकाची एक वाकडी तार आणि चेनची एक खराब कडी एकत्र आली की घोटाळा होतो, हेही त्याने हुडकलं, असं त्याचे सहकारी सांगायचे.

आरमाराचं एनिग्मा सगळ्यात कठीण. ते ट्युरिंगने आपल्याकडे घेतलं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या. किल्ली सापडली नाही तर इंग्लंड उपाशी मरणार, अशी वेळ.

कुलूप कठीण होतं, पण एक मागचं दार उघडं होतं. ब्रिटिश विमानं मुद्दाम ठराविक जागी समुद्रात सुरुंग टाकायची. मग जर्मन गोदीतून इशारा जायचा, आणि तोच मजकूर दोनदा पाठवला जायचा. एकदा एनिग्मातून आणि एकदा छोट्या बोटींसाठीच्या सोप्या, हाताने लिहायच्या लिपीत. सोपा संदेश फोडला की अवघड संदेशात काय आहे ते आयतंच कळायचं.

घरच्या कॉम्प्युटरवर हे मागचं दार म्हणजे स्वॅप. रॅम कमी पडली की कॉम्प्युटर तिच्यातला काही भाग डिस्कवरच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवतो. त्यात तुम्ही उघडलेलं गुप्त कागदपत्र असू शकतं, पासवर्डही असू शकतो. मुख्य पार्टिशनला कुलूप लावलं आणि स्वॅप तसाच सोडला, तर तोच मजकूर शेजारी उघडा पडलेला असतो.

१ फेब्रुवारी १९४२ ला जर्मनांनी अटलांटिकमधल्या पाणबुड्यांच्या एनिग्माला चौथं चाक जोडलं. ब्लेचलीच्या पडद्यावर अंधार झाला तो तब्बल दहा महिने. त्या काळात जहाजं बुडतच राहिली. ऑक्टोबरमध्ये भूमध्य समुद्रात यू ५५९ ही पाणबुडी बुडत असताना टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर हे दोन ब्रिटिश नौसैनिक आत शिरले. त्यांनी गुप्त पुस्तकं बाहेर दिली, पण स्वतः पाणबुडीबरोबर बुडाले.

त्या पुस्तकांमुळे एक गोष्ट उघडी पडली. हवामानाच्या छोट्या संदेशांसाठी जर्मन लोक चौथं चाक न वापरल्यासारखंच ठेवायचे. यंत्र चार चाकांचं, वापर तीन चाकांचा. डिसेंबरमध्ये किल्ली पुन्हा सापडली.

युद्ध संपल्यावर ट्युरिंग कॉम्प्युटर बांधण्याकडे वळला आणि १९४८ साली मँचेस्टरला आला. तिथल्या कॉम्प्युटरची झटपट स्मृती काचेच्या ट्यूबमध्ये असायची आणि ती अगदी तुटपुंजी होती. उरलेलं फिरत्या चुंबकी ड्रमवर. ड्रमवरून ट्यूबमध्ये काय आणायचं आणि परत काय ठेवायचं, हे प्रोग्रामरला स्वतः लिहावं लागे. त्या यंत्राचं मार्गदर्शक पुस्तक ट्युरिंगनेच लिहिलं. आजच्या स्वॅपचं मूळ याच उठाठेवीत आहे. १९६२ साली मँचेस्टरच्याच अ‍ॅटलस कॉम्प्युटरने ही ने-आण आपोआप करून दाखवली.

त्याच्याच सांगण्यावरून मँचेस्टरच्या फेरांटी यंत्रात विजेच्या खरखरीतून यादृच्छिक संख्या तयार करणारी सोय बसवली गेली. आज लिनक्सवर स्वॅपला कुलूप लावताना बऱ्याचदा अशीच यादृच्छिक किल्ली दर वेळी नव्याने बनते आणि मशीन बंद झालं की कायमची जाते. एनिग्माची किल्ली रोज बदलायची, ही प्रत्येक बूटला बदलते.

फायदा मोठा आहे, पण दोन गोष्टींची किंमत मोजावी लागते. एक म्हणजे हायबरनेट चालत नाही, कारण झोपताना जे स्वॅपमध्ये ठेवलं ते उघडायची किल्लीच उरलेली नसते. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची, आणि ती कळण्यासाठी पुन्हा त्या चांदीकडे जावं लागतं.

ट्युरिंगने चांदी एकदा नाही, अनेकदा शोधली. स्वतः बनवलेलं धातुशोधक यंत्र घेऊन तो रानात फिरला. ब्लेचलीतला तरुण सहकारी डोनाल्ड मिची सोबत असायचा. सापडल्यास तिसरा हिस्सा किंवा प्रत्येक फेरीला ५ पौंड, असे दोन पर्याय मिचीसमोर होते. मिची हुशार, त्याने ५ पौंड घेतले.

घोळ काय झाला होता? कुलूप पक्कं होतं, पण ज्या खुणांवर सगळं अवलंबून होतं त्या बदलल्या होत्या. पूल नव्याने बांधला गेला होता आणि आसपासचा भागही पहिल्यासारखा राहिला नव्हता.

लिनक्सवर अगदी हेच होतं. सेटिंगच्या फायलीत स्वॅपचा पत्ता म्हणून पहिल्या डिस्कचं दुसरं पार्टिशन असं लिहिलेलं असतं. तुम्ही नवी डिस्क जोडता आणि क्रम बदलतो. आता पहिली डिस्क भलतीच असते. यादृच्छिक किल्लीचा स्वॅप दर बूटला ते पार्टिशन नव्याने लिहून काढतो, म्हणजे चुकीच्या पत्त्यावर तुमचे फोटो असतील तर गेले. म्हणून पत्ता क्रमाने न लिहिता पार्टिशनच्या कायमच्या ओळख क्रमांकाने लिहायचा.

उलटही होतं. स्वॅप पुन्हा फॉरमॅट केला की त्याचा ओळख क्रमांक बदलतो आणि फायलीत जुनाच राहतो. मग कॉम्प्युटर सुरू होताना दीड मिनिट ताटकळतो, नसलेल्या पुलाची वाट बघत. अशा वेळी लाइव्ह यूएसबीवरून बूट करून ब्लकआयडी या कमांडने खरा क्रमांक बघायचा, एफएसटॅब आणि क्रिप्टटॅब या फायलींमधल्या क्रमांकाशी ताडायचा आणि दुरुस्त करायचा. फॉरमॅट मारायची घाई करायची नाही.

पासवर्ड बरोबर असूनही चालत नसेल तर आधी कॅप्स लॉक आणि कीबोर्डची भाषा तपासायची. बूटच्या वेळी कीबोर्डची मांडणी अनेकदा वेगळी असते. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. लिनक्सच्या लक्स पद्धतीत तुमचा पासवर्ड थेट डिस्क उघडत नाही. तो डिस्कच्या सुरुवातीला हेडरमध्ये ठेवलेली खरी किल्ली उघडतो. हेडर खराब झालं तर पासवर्ड तोंडपाठ असूनही हाती काही लागत नाही. त्यामुळे हेडरची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली बरी. विंडोजच्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की सुद्धा त्याच लॅपटॉपमध्ये ठेवली तर तिचा उपयोग शून्य.

ट्युरिंगच्या आयुष्यात शेवटी असंच एक न उघडणारं कुलूप आडवं आलं.

१९५२ साली त्याच्या घरी चोरी झाली. तो स्वतः पोलिसांकडे गेला. चौकशीत त्याचे एका पुरुषाशी संबंध असल्याचं समोर आलं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. कोर्टात त्याच्या बाजूने बोलायला ब्लेचलीतला सहकारी ह्यू अलेक्झांडर उभा राहिला, पण या माणसाने युद्धात काय केलं हे सांगायची सोय नव्हती. ते सरकारी गुपित होतं. तुरुंग किंवा वर्षभर हार्मोन्सचा उपचार, यातलं दुसरं त्याने स्वीकारलं. गुप्त कामाची दारंही त्याला बंद झाली.

७ जून १९५४ रोजी विल्म्सलो इथल्या घरी सायनाइडमुळे त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. वय ४१.

ब्लेचलीची गोष्ट लोकांसमोर नीट आली ती १९७४ नंतर. २००९ साली ब्रिटिश पंतप्रधानांनी माफी मागितली. त्याने युद्धकाळात लिहिलेले दोन निबंध २०१२ साली, म्हणजे साधारण सत्तर वर्षांनी, खुले झाले. २०१३ साली राणीची माफी मिळाली आणि २०२१ साली ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला.

हे सगळं उघडलं, पण ज्याच्यासाठी उघडायला हवं होतं तो माणूस तोवर नव्हता.

आणि शेनलीच्या त्या चांदीचा पत्ता अजूनही लागलेला नाही.