लस आधी कुत्र्याला टोचली : लुई पाश्चर

पावसाळा तोंडावर आला की आपला शेतकरी बैलाला घटसर्प, फऱ्याची लस टोचून घेतो. शेतातल्या रखवालीच्या कुत्र्याची आठवण मात्र कुणाला होत नाही. भाकरीचा तुकडा टाकला की झालं! कुत्रं पिसाळण्यावर लस काढणारे लुई पाश्चर ना माणसांचे डॉक्टर होते, ना ढोरांचे. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक.

२७ डिसेंबर १८२२ ला फ्रान्समधल्या दोल गावी त्यांचा जन्म झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. पुढे कुटुंब आर्ब्वा गावी राहायला गेले. १८३१ साली त्या भागात पिसाळलेला लांडगा शिरला. चावलेल्या माणसांच्या जखमा लोहाराकडे तापल्या लोखंडाने डागत. तरीही कित्येक दगावले. लुई तेव्हा आठ वर्षांचा होता.

१८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पण मोठी कामं त्यानंतरचीच. आधी कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर लस शोधली. मग १८८१ च्या मे महिन्यात पुयी-ल-फोर या खेड्यात फाशी रोगाची जाहीर परीक्षा झाली. लस टोचलेल्या २४ मेंढ्या आणि न टोचलेल्या २४ अशा दोन्ही कळपांना रोगाचे जंतू दिले. २ जूनला लोक पाहायला जमले तेव्हा टोचलेल्या मेंढ्या उभ्या होत्या, दुसरा कळप मेला होता किंवा मरायला टेकला होता. शेतकऱ्याला पटायला याहून वेगळं काय लागतं?

मग पिसाळलेल्या कुत्र्यांचं काम हाती घेतलं. कुत्र्याला फासात धरून पाश्चर काचेच्या नळीने त्याच्या तोंडातली लाळ ओढून घेत, असं सांगतात. या रोगाचं विष मज्जारज्जूत असतं हे त्यांना कळलं. रोगी सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगला की विषाचा जोर दिवसागणिक ओसरतो. आधी जास्त दिवस वाळवलेला, मग ताजा, असं टोचत त्यांनी कुत्री तयार केली. पिसाळलेलं कुत्रं चावलं तरी या कुत्र्यांना रोग होईना. १८८४ मध्ये सरकारी समितीनेही हे तपासून पाहिलं.

माणसाची पाळी नंतर आली. ६ जुलै १८८५ ला जोसेफ मैस्टर हा नऊ वर्षांचा पोरगा दोन दिवसांपूर्वीचे चावे घेऊन आईबरोबर पॅरिसला आला. पाश्चर डॉक्टर नसल्यामुळे सुई डॉ. ग्रांशे यांनी टोचली. दहा दिवसांत १३ इंजेक्शनं झाली. पोरगा वाचला. पुढे तो पाश्चर यांच्याच संस्थेत दारवान होता.

आपल्याकडे १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. १९११ मध्ये सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस म्हणजेच ती पोटातली चौदा इंजेक्शनं. त्यांच्या धाकाने माणसं जखमेत मिरची-हळद भरून घरी बसत आणि जिवाला मुकत. ती लस २००५ पर्यंत बंद झाली. आता दंडात चार-पाच सुया लागतात, पण त्या वेळेवर घ्याव्या लागतात, कारण रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हणा ना. चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि दवाखाना गाठावा.

कुत्र्याचं म्हणाल तर पिलू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस द्यावी. दुसरा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा आणि पुढे दर वर्षी. जनावरांच्या दवाखान्यात ही सोय होते. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सचं, १९५८ पासूनचं, पशुवैद्यकीय महाविद्यालय माहीतच आहे.

२८ सप्टेंबर १८९५ ला पाश्चर वारले. तोच दिवस जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी पुष्कळ ठिकाणी कुत्र्यांना फुकट लस टोचतात. नेताना कुत्र्याच्या गळ्यात दोर असू द्यावा, आणि लस दिल्याचं कार्ड मागून घ्यावं.